राहून गेलेल्याची वही

निवृत्तीला सहा महिने उरले की माणूस पेन्शनचे कागद गोळा करायला लागतो. सेवापुस्तिका तपासून घेतो, बँकेतलं नामनिर्देशन नीट करतो. ते करायलाच हवं. आजचा विषय मात्र दुसऱ्या एका दप्तराचा आहे. आयुष्यात काय राहून गेलं याची नोंद कोणत्याच कचेरीत नसते, आणि निवृत्तीनंतरचा दिवस कशाने भरायचा याचं सगळ्यात खरं उत्तर तिथेच सापडतं.

खंत दोन प्रकारची असते: केलेल्याची आणि न केलेल्याची. १९९४ साली थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की नजीकच्या काळात केलेली चूक जास्त बोचते, पण मागे वळून सगळं आयुष्य पाहिलं की न केलेल्या गोष्टीच जास्त आठवतात. कारण साधं आहे. केलेल्या चुकीचे परिणाम समोर येतात, आपण ते निस्तरतो, आणि पुढे त्यावर हसतोही. न केलेल्याला शेवटच नसतो. "तेव्हा गेलो असतो तर" हे वाक्य दर वर्षी थोडं अधिक सुंदर होत जातं. म्हणून पहिलं काम हे, की त्या सुंदर वाक्याला जमिनीवर आणायचं.

त्यासाठी दोनशे पानी साधी वही घ्या. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आणि लिहायचं सकाळी. दिवसांची आणि मिनिटांची ही मात्रा मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधल्या प्रयोगाची आहे. असं लिहिल्यावर लगेच मन थोडं खाली जातं, पुढे सावरतं. रात्री लिहून झोपायला गेलात तर झोप जाईल आणि दुसऱ्या दिवशी वही कपाटात जाईल. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: साल, जागा, काय केलं नाही, आणि त्याऐवजी काय केलं. "संगीताला न्याय दिला नाही" ही नोंद नव्हे, ते सत्काराचं भाषण झालं. "१९८८, फोंडा. पेटीचा वर्ग सोडला, कारण शेवटची बस चुकायची आणि घरी बाळ होतं," ही नोंद. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि खरं औषध त्यातच असतं. तिथे आळस लिहावा लागेल अशी भीती असते. निघतं बहुधा बाळ, कर्ज किंवा आजारी वडील.

चार दिवसांनी प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहा: जिवंत, दुरुस्ती किंवा मिटलं.

'जिवंत'वर, म्हणजे जे अजूनही करता येईल त्यावर, थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथे होते. पेटी राहिली म्हणून माणूस निवृत्तीच्या पैशातून पहिल्याच महिन्यात महागडी पेटी घेतो आणि गणेश चवथीनंतर तिच्यावर कपडे वाळत पडतात. आधी विचारा, त्या पेटीत हवं काय होतं? सूर, रंगमंच की सोबत? तीन उत्तरांचे तीन वेगळे आठवडे होतात. सूर हवा असेल तर उसनी पेटी, घरी रोज वीस मिनिटं, आणि आठवड्यातून एकदा शिक्षक. रंगमंच हवा असेल तर गावच्या जत्रेतलं नाटक. तिथे लहान भूमिका मागा. तालमी रात्री चालतात, तेव्हा गुडघे आणि रक्तदाबाची गोळी या दोघांना विचारून हो म्हणा. सोबत हवी असेल तर भजनी मंडळात टाळ धरा. टाळाला वर्षानुवर्षांचा रियाज लागत नाही, आणि सप्ताहात माणूस कमी पडलेलं मंडळाला लगेच कळतं. कोणीतरी आपली वाट पाहतं ही गोष्ट नोकरी सुटल्यावर फार मोठी असते.

घुमटाचंही, म्हणजे कातडं लावलेल्या मातीच्या गोमंतकीय वाद्याचंही, तसंच. चवथीच्या आरतीत वाजवायचं असेल तर आषाढात सुरुवात करून भागत नाही. हात बसायला सहा-सात महिने धरा, म्हणजे जानेवारीत लागायचं. घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी आहे, आता बकरीचं कातडं लावतात. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने ते सैल पडून आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी मंद धगीवर शेकून घ्यावं लागतं. शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात गेला.

दुसरी मोठी हौस कुळागराची, म्हणजे गोव्यातल्या माड-पोफळीच्या बागायतीची. इथे वयाची बेरीज करा. एकसष्टाव्या वर्षी लावलेला उंच जातीचा माड फळ देईपर्यंत तुम्ही सदुसष्ट-अडुसष्टचे. नवी पोफळही पाच-सहा वर्षं घेते. मात्र पोफळी आधीच उभ्या असतील तर जूनमध्ये त्यांच्या बुंध्याशी मिरवेल लावा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिरी दिसते. केळ वर्ष-सव्वा वर्षात. मुलांसाठी माड जरूर लावा, पण आपल्या खंतीची भरपाई केळीकडून आणि मिरीकडून घ्या. आणि जमीन विकत घेण्याआधी एक पावसाळा दुसऱ्याच्या कुळागरात राबून बघा. पाट कोण साफ करतो, नारळ पाडणारा पाडेली कधी मिळतो, माकडं कधी येतात, हे कळलं की निम्म्यांची हौस तिथेच फिटते. स्वस्तात फिटली म्हणायची!

आता 'दुरुस्ती'. ही माणसांबद्दलची खंत, आणि गोव्यात ती बहुतेक वेळा वडिलोपार्जित घराशी बांधलेली असते. भावाशी बोलणं तुटलं ते वाटणीवरून, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं कोर्टातलं काम, वर्षानुवर्षं रखडली, मध्ये दोन लग्नं आणि एक बारावा चुकला. इथे एकच पथ्य: समेट आणि हिस्सा एका बैठकीत आणू नका. पहिल्या भेटीत कागद नको, वकील नको. माझं काय चुकलं ते दोन वाक्यांत सांगा. "पण तूसुद्धा" हे तिसरं वाक्य गिळा. समोरून उत्तर आलं नाही तर सहा महिन्यांनी एकदाच पुन्हा प्रयत्न करा. हिश्शाचं नंतर, आणि तेही कायदा समजून घेऊन. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर गोव्यात सहसा नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, स्थावर विकायला दोघांची संमती लागते. मुलं असतील तर मृत्युपत्राने मनासारखा देता येतो तो आपल्या वाट्याचा अर्धाच. "भावाला घर देऊन टाकतो" असं भरल्या डोळ्यांनी सांगून बसाल आणि नंतर ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही असं कळेल. मग तो जुनं विसरेल, पण हे विसरणार नाही.

'मिटलं' या शब्दाला माणसं घाबरतात. ज्यांची माफी मागायची ते गेले, जे शिक्षण हवं होतं त्याचं वय गेलं. कॅनडातले संशोधक कार्स्टन व्रॉश यांनी दाखवलं आहे की उतारवयात, जिथे काही करणं उरलेलं नाही तिथली ओढ सोडणाऱ्यांचं जगणं अधिक बरं असतं. व्यवहारात इतकंच करा: त्या नोंदीखाली तेव्हाचं कारण पुन्हा एकदा लिहा आणि पान दुमडा. ती खंत नातवाच्या डोक्यावर ठेवू नका. आजोबांचं राहिलेलं डॉक्टर होणं हे नातवाच्या वेळापत्रकात बसत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. एकरकमी आलेल्या रकमेला पहिले तीन महिने बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीत राहू द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला मिळतं, मुदत पाच वर्षांची. वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं व्याजही मुद्दलातून कापून घेतात, म्हणून हौशीची रक्कम तिथे अडकवू नका, ती वेगळी काढा. "मुलांना काही दिलं नाही" ही खंत या तीन महिन्यांतच सगळ्यात जोरात बोलते, आणि मुलाच्या धंद्यासाठीचा चेक त्याच भरात फाडला जातो.

शेवटचं, वही दोन घ्या. नवऱ्याची आणि बायकोची वेगळी, आणि चार दिवस एकमेकांची वाचायची नाही. नवऱ्याच्या यादीत घरात निवांत बसणं असतं, आणि त्याच घरात दुपारी एक ते तीन ही तिची एकटीची वेळ असते, कित्येक वर्षांपासून. तिच्या वहीत "दुपारी घरात कोणी नको" असं सापडलं तर वाद घालू नका. भजनी मंडळाला विचारा, तालीम दुपारी लावता येईल का.