‘डेर शू डेस मानिटू’ : जर्मनांनी कल्पिलेल्या पश्चिमेचे विडंबन

श्रोतेहो, २००१ साली जर्मनीत प्रदर्शित झालेला ‘डेर शू डेस मानिटू’ (‘मानिटूचा जोडा’) हा चित्रपट वरवर पाहता काउबॉयपटांची टर उडवणारा एक हलकाफुलका विनोदी चित्रपट आहे. तरीही जेमतेम सव्वाआठ कोटी लोकसंख्येच्या त्या देशात त्याची सुमारे १ कोटी १७ लाख तिकिटे विकली गेली. हॉलिवूडची टिंगल केली म्हणून एवढे लोक चित्रपटगृहात येत नाहीत. दिग्दर्शक मिखाएल हेर्बिग यांनी ज्या ‘पश्चिमे’ची, म्हणजे काउबॉयच्या काळातल्या अमेरिकेच्या पश्चिम भागाची, थट्टा केली, ती जर्मनांच्या स्वतःच्या बालपणातली पश्चिम होती, हे त्या यशाचे खरे कारण आहे असे मला वाटते.

त्या पश्चिमेचा निर्माता कार्ल माय (१८४२–१९१२) हा जर्मनीतल्या सॅक्सनीचा लेखक. चोरी आणि फसवणुकीपायी तुरुंगवास भोगलेल्या या माणसाने अपाची या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा प्रमुख विनेटू आणि त्याचा जर्मन रक्तबंधू (रक्ताची शपथ घेऊन मानलेला भाऊ) ओल्ड शॅटरहँड यांच्या कथा लिहिल्या आणि तो शॅटरहँड म्हणजे आपणच, असे वाचकांना बिनदिक्कत सांगितले. प्रत्यक्षात अमेरिकेला तो गेला १९०८ मध्ये, यातल्या बहुतेक कथा लिहून झाल्यावर, आणि तेव्हाही पश्चिमेकडच्या प्रदेशात त्याने पाऊल ठेवले नाही. १९६२ पासून या कथांवर चित्रपट निघू लागले. त्यांचे चित्रीकरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियात झाले. विनेटू झाला फ्रेंच नट पिएर ब्रिस, तर जर्मन नायकाच्या भूमिकेत अमेरिकन लेक्स बार्कर होता, आणि दोघेही पडद्यावर डबिंगमधून शुद्ध, भारदस्त जर्मन बोलत. मार्टिन ब्यॉटशर यांचे संथ, विस्तीर्ण संगीत त्या दऱ्याखोऱ्यांवर पसरलेले असे, आणि पुढची कित्येक वर्षे हे चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले.

१९६८ साली म्युनिकमध्ये जन्मलेल्या हेर्बिग यांनी ही परंपरा आधी ‘बुलीपाराडे’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातल्या प्रहसनांत वापरली आणि मग चित्रपटात आणली. अबाहाची या अपाची प्रमुखाची भूमिका त्यांनी स्वतः केली असून, ‘रेंजर’ नावाचा त्याचा रक्तबंधू क्रिस्टियान ट्रामित्स यांनी रंगवला आहे. हे दोघे चक्क म्युनिककडच्या बव्हेरियन बोलीत बोलतात. मालवणीतून महाभारत पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

सलूनच्या, म्हणजे काउबॉयपटांतल्या दारूच्या गुत्त्याच्या, खरेदीचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. अबाहाची शोशोन या दुसऱ्या आदिवासी जमातीकडून उसने सोने घेऊन सांता मारिया नावाच्या दलालाकडून सलून विकत घ्यायला निघतो; पण ते सलून म्हणजे केवळ एक दर्शनी भिंत निघते आणि ती कोसळते. दलाल शोशोन प्रमुखाच्या मुलाला गोळी घालून सोन्यासह पसार होतो आणि आळ येतो या दोघांवर. ती भिंत म्हणजे चित्रपटांच्या सेटवरची नेहमीचीच दर्शनी भिंत आहे. मायची अवघी पश्चिमही त्याहून फारशी वेगळी नव्हती. पुढे खांबाला बांधलेले असताना, मृत्यू समोर दिसत असूनही, हे दोघे वीर जुन्या जोडप्यासारखे एकमेकांशी कुरबुरत राहतात.

हेर्बिग यांची कारागिरी मला विशेष मोलाची वाटते. चित्रण त्यांनी स्पेनमधल्या अल्मेरियाच्या रखरखीत प्रदेशात केले, जिथे १९६० च्या दशकात इटालियन काउबॉयपटही घडले होते. घोडदौड, मावळतीचा उजेड, वाद्यवृंद यांपैकी कशातही त्यांनी कसूर केलेली नाही. चित्र पूर्ण गांभीर्याने उभे राहते आणि विनोद पात्रांच्या तोंडून फुटतो. दृश्येही हास्यास्पद केली असती, तर मूळ चित्रपटांविषयीचा जिव्हाळा प्रेक्षकाला जाणवलाच नसता.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. अबाहाचीचा जुळा भाऊ विनेटच हाही हेर्बिग यांनीच साकारला आहे. तो समलिंगी आहे, गुलाबी रंगात रमणारा, सौंदर्यप्रसाधनांचे रँच चालवणारा. बोलीतल्या विनोदामागे निरीक्षण आहे. इथे बहुतांशी तयार साचाच वापरला आहे आणि आज तो साचा खटकतो. शोशोनांचे चित्रणही मायच्या कल्पनेपलीकडे जात नाही. विडंबनाचा रोख त्या कल्पनेवरच असल्याने हा दुसरा आक्षेप मी सौम्यपणे घेतो. पहिल्याच्या बाबतीत तशी सूट देता येत नाही.