आठवडाभराची मिरची

पडद्यावर दिसणारे हे छायाचित्र एका ढोबळी मिरचीचे आहे, हे पहिल्या नजरेत अनेकांच्या लक्षात येत नाही. कोणाला त्यात पाठमोरा, वाकून बसलेला माणूस दिसतो, तर कोणाला मिठीत गुंतलेली दोन शरीरे. आपल्या स्वयंपाकघरात पीठ पेरून भाजी करण्यापलीकडे जिला फारसा मान नाही, ती ही मिरची एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने ऑगस्ट १९३० मध्ये, कॅलिफोर्नियातील कार्मेल या समुद्रकाठच्या गावी टिपली. ती टिपताना काय काय घडले हे आज आपल्याला कळते, कारण वेस्टन रोजनिशी लिहीत असत.

पहाटे घर जागे होण्यापूर्वी उठावे, कॉफी करून घ्यावी आणि हाताला येईल ते लिहीत सुटावे, असा त्यांचा शिरस्ता होता. ही रोजनिशी प्रसिद्ध असली तरी ती सलग वाचणे सोपे नाही, हे आधीच सांगायला हवे. पैशांची चणचण, चार मुलांची काळजी, फसलेली आणि फुललेली प्रेमप्रकरणे, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून द्या म्हणणारी गिऱ्हाइके यांविषयीच्या तक्रारींनी तिची पानेच्या पाने भरलेली आहेत. पोट भरण्यासाठी व्यक्तिचित्रे काढावी लागत आणि त्यांवर नको असलेला हात फिरवावा लागत असल्याची चीड त्यांनी कधी लपवली नाही. मात्र याच कटकटींच्या मधोमध, अचानक, एखाद्या वस्तूकडे कसे पाहिले याची इतकी बारीक नोंद येते की वाचणारा थबकतो.

१९२३ मध्ये वेस्टन आपला थोरला मुलगा चँडलर आणि इटलीत जन्मलेली टीना मोदोत्ती यांच्यासह मेक्सिकोला गेले. टीनाने स्टुडिओ आणि घर सांभाळायचे, त्याबदल्यात वेस्टन यांनी तिला छायाचित्रण शिकवायचे, असे ठरले होते. तेथे १९२५ मध्ये त्यांची नजर घरातल्या शौचकूपावर पडली. पांढऱ्या चकचकीत भांड्याचा तो डौलदार उभार टिपण्यासाठी कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून ते दिवसचे दिवस खटपट करत राहिले. या काळात घरातील कोणाला निसर्गाची हाक आली तर काय, ही धास्तीही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: विषय सुंदर आहे की नाही याची त्यांना फिकीर नव्हती, आपण त्याच्याकडे पुरेसा वेळ पाहिले की नाही, एवढीच होती.

पुरेसा वेळ पाहण्याला त्यांच्या कॅमेऱ्याचाही हातभार होता. तिपाईवर उभा केलेला तो अवजड लाकडी कॅमेरा आठ बाय दहा इंचांची निगेटिव्ह देई. डोक्यावर काळे कापड ओढून मागच्या दुधी काचेवर उलटी पडलेली प्रतिमा न्याहाळायची, मग एकच निगेटिव्ह घालायची आणि छपाईच्या वेळी ती कागदाला थेट भिडवून, मोठी न करता, त्याच मापाचे छायाचित्र काढायचे. अशा पद्धतीत घाईला जागाच नसते.

आता पुन्हा मिरचीकडे वळू. त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वेस्टन यांनी मिरच्यांच्या तीसएक निगेटिव्ह घेतल्या. मागे कापड लावले, पांढरा पुठ्ठा लावला, पण पार्श्वभूमी आणि मिरची यांच्यातला विरोध फार तीव्र वाटत होता. एका मिरचीने तर सारा आठवडा खाल्ला होता. आता हिच्याकडून आणखी काही मिळणार नाही, असे ठरवूनही ती स्वयंपाकघरात पाठवायला त्यांचे मन धजेना. अखेर त्यांनी पत्र्याचे एक मोठे नरसाळे आडवे ठेवले आणि मिरची त्याच्या रुंद तोंडाशी, किंचित आत टेकवली. वक्र पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या घड्यांमधून सरकला आणि कडा अंधारातून सुट्या झाल्या. रोजनिशीतील नोंदीप्रमाणे निगेटिव्हवर सहा मिनिटे प्रकाश घेतला गेला. त्याआधीची तयारी काही क्षणांचीच होती, खरी तयारी मागे गेलेल्या तासांमध्येच होऊन गेली होती, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे.

या नोंदीपाशी थोडे थांबावेसे वाटते. स्फूर्ती आली आणि चित्र झाले, असे म्हणणे वेस्टन यांना सहज शक्य होते, शिवाय तशी कथा खपलीही असती. परंतु कापड फसले, पुठ्ठा फसला, हे त्यांनी आपल्याच हाताने मांडून ठेवले. आपल्याला वाटते की नरसाळे सुचले ते याच फसलेल्या प्रयत्नांच्या हिशेबातून.

स्वतःच्या या वह्यांवर मात्र त्यांचा फारसा लोभ नव्हता. मेक्सिकोपूर्वीची रोजनिशी त्यांनी जाळून टाकली, आणि उरलेल्या वह्यांमधील काही मजकूर पात्याने कापून काढला. जे शिल्लक राहिले ते दोन खंडांत प्रसिद्ध होण्यास १९६१ आणि १९६६ ही साले उजाडली, म्हणजे १९५८ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरची. १९३४ नंतर त्यांचे लिहिणे जवळजवळ थांबले होते. १९३७ मध्ये गुगेनहाइम ही कलावंत-अभ्यासकांना दिली जाणारी अमेरिकन पाठ्यवृत्ती मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले, तेव्हा तिच्या आधारे केलेल्या भटकंतीत गाडी चालवणे आणि प्रवासाची नोंदवही लिहिणे ही दोन्ही कामे त्यांची सहचरी कॅरिस विल्सन हिने केली. लेखणीचा हात बदलला, नोंद ठेवण्याची रीत टिकून राहिली.

आणि ती मिरची? त्या दिवसांतील मिरच्या अखेर पोटात गेल्या. उत्तम चित्र दिल्यावर आपल्याच मॉडेलला खाणारा हा नरभक्षक, असे कोणीतरी थट्टेने म्हटल्याचे वेस्टन यांनी लिहून ठेवले आहे. त्यांना ती कल्पना आवडली होती, कारण त्यामुळे मिरची नजरेबरोबर रक्तातही उतरणार होती.