लुमटा खोंगटात का शिरला?

(वाचनालयाच्या पालक-शिक्षक मेळाव्यातलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय 'मुलांचं वाचन-आकलन वाढवण्याचे पाच सोपे उपाय'. मला पाऊण तास दिला होता, त्यातला बराचसा सत्कारात गेला, शाल सुंदर आहे पण उकडतंय फार. उपाय सांगते, नक्की सांगते, पण आधी तुमची परीक्षा. मोबाईल खाली ठेवा आणि ऐका:

"काल सांजेला एक करडा लुमटा झिपलत झिपलत खोंगटात शिरला. आत दोन तिरगे आधीच फसरले होते, म्हणून लुमट्याने त्यांना जोरात घुमकवलं."

लुमटा कुठे शिरला? खोंगटात, बरोबर. रंग कुठला? करडा. तिरगे किती? दोन. आणि तिरग्यांना का घुमकवलं? हां, मागून काका बोलले, "कारण ते आधीच फसरले होते." शाब्बास! पूर्ण वाक्यात उत्तर, दोनपैकी दोन मार्क. आता काका, लुमटा म्हणजे काय हो? नाही ना माहीत? मलाही नाही, येताना रिक्षात बसून बनवलाय तो.

तर हे आत्ता तुम्ही जे केलंत ना, तेच आपली पोरं वर्षानुवर्षं करतात आणि आपण त्याला आकलन म्हणतो. प्रश्नातला शब्द पकडायचा, उताऱ्यात तो कुठे दिसतो बघायचं, तिथून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचं. क्लासमध्ये तर ही युक्ती म्हणून शिकवतात, आधी प्रश्न वाचा, उतारा नंतर, वेळ वाचतो! आणि चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, तिथे ती चालतेसुद्धा. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, वाटलं आता घोकंपट्टी जाईल. स्वमत लिहा, काय छान प्रश्न आहे! पण गाईडात स्वमतही तयार छापून मिळतं, दुसऱ्या कुणाचं तरी. रसग्रहणाची तीच गत. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, असे तीन खोके भरायचे आणि 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत' हे पावसाच्या कवितेलाही लावायचं आणि आईच्या कवितेलाही. माझ्याकडच्या एका दहावीच्या मुलाने हे वाक्य सुंदर अक्षरात लिहिलं आणि मग मान वर करून विचारलं, मॅडम, कविता कुठली घ्यायचीय?

हसा, हसा. पण आता जे सांगणार आहे ते ऐकून माझं डोकं अजून तापतं.

माझ्याकडे सहावीतली एक मुलगी येते. तिची आई एक दिवस चाचणीचा पेपर घेऊन तणतणत आली. त्यातला उतारा मला आता पाठ झालाय. "बाबा बाजारातून एकटेच परतले. आईने ताट वाढलं. बाबा म्हणाले, मला भूक नाही. गोठ्यात दावं तसंच लोंबत होतं." प्रश्न, बाबा का जेवले नाहीत? पोरीने लिहिलं होतं, 'बैल विकून आल्यामुळे बाबांना घास उतरला नसता.' त्यावर लाल फुली, आणि बाजूला शेरा, 'उताऱ्यात बैलाचा उल्लेख नाही.' नमुना उत्तर काय, तर 'बाबांना भूक नव्हती म्हणून बाबा जेवले नाहीत.'

उल्लेख नाही म्हणे! अहो गोठा आहे, गुरं बांधायचं दावं रिकामं आहे, बाजार आहे, माणूस एकटा परत आलाय, अजून काय बैलाने येऊन हंबरायचं? लिहिणाऱ्याने मुद्दाम तो सांगितला नाही, पोरीने तो बरोबर हुडकून काढला आणि आपण त्याबद्दल तिचा मार्क कापला. बाईंना मी फार बोल लावत नाही, गठ्ठाभर पेपर, हातात नमुना उत्तरपत्रिका, त्यात कुठलंतरी ऑनलाइन भरायचं काम, त्यांनी तरी किती डोकं चालवायचं. पण आईचं म्हणणं काय होतं माहितीये? "मॅडम, तिला सांगा उताऱ्यातलंच लिहीत जा, उगाच स्वतःचं घुसडत जाऊ नकोस."

मी मुलीला विचारलं, तुला कसं गं कळलं? तर म्हणाली, मामाकडे बैल विकला तेव्हा आजोबापण भूक नाही असंच म्हणत होते. तोच उतारा मी दुसऱ्या एका मुलाला दिला, शहरात वाढलेला, वाचनाचा स्पीड असा की ऐकत राहावं, एक अक्षर अडखळला नाही. शेवटी मला म्हणतो, गोठ्यात दावं म्हणजे, कोर्टात करतात तो दावा ना?

आता यात हुशार कोण आणि ढ कोण? १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधिकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं आणि छोट्या मैदानावर खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला लावलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं वाचनात पक्क्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तुम्हीच बघा, जो पोरगा धड्यात अडखळतो तो पेपरातली क्रिकेटची बातमी कशी गटागटा वाचतो, फॉलोऑन म्हणजे काय ते वर आपल्यालाच समजावतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत म्हणे. अरे देवा, उपाय राहिलेच. पटापट घेते.

एक. मोठ्याने वाचून दाखवा, आणि मूल स्वतः वाचायला लागलं की हे बंद करू नका, सातवीतल्यालाही दाखवा. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलंय की वाचून समजणं हा गुणाकार आहे, अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून भाषा कळणं, एक शून्य झालं की सगळं शून्य. आपण पहिल्याच्याच मागे असतो. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का हे बघतात, ते हवंच, पण ती पहिली पायरी झाली.

दोन, मधेच थांबा आणि विचारा, आता काय होईल? का वाटतं तसं? उत्तर चुकलं तरी चालेल, कारण देता आलं पाहिजे.

तीन, ज्याचं उत्तर कुठल्याही एका ओळीत नाही असा निदान एक प्रश्न रोज. आणि शाळेतल्या मार्कांचं काय, तर त्या मुलीला मी सांगितलं दोन्ही लिही, 'बाबांनी भूक नाही असं सांगितलं, पण खरं कारण म्हणजे…' पहिलं वाक्य बाईंच्या बरोबरच्या खुणेसाठी.

चार, पुस्तकं महाग म्हणू नका, बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट आहेत. आणि नुसत्या गोष्टी नकोत, विहीर, एसटी, मधमाश्या, सगळं वाचू दे, नाहीतर दावं कळायचं कुठून?

पाचवा रसग्रहणाचा होता, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत तरी सांगते. कवितेची चार ओळींची चिठ्ठी करा, एक शब्द खोडून तिथे दुसरा, तसाच चालणारा शब्द घाला, दोन्ही वाचून दाखवा आणि विचारा मूळ कुठला. पोरं भांडतात अगदी. त्या भांडणात जे बोलतील ते तसंच्या तसं वहीत लिहून घ्यायला लावा, फक्त 'समर्पक' शब्दाला बंदी. बाकीचं चहाच्या टेबलापाशी विचारा, आणि काका, तुम्ही तो लुमट्याचा कागद परत द्या मला, उद्या चौथीला घ्यायचाय.