नाथसागराचा सरकता काठ

(दृश्य: ओल्या गाळात रोवलेली बाभळीची खुंटी. मागे पाणी.)

ही खुंटी बाबांनी गेल्या आठवड्यात पाण्याच्या कडेला रोवली होती. आज पाणी तिच्यापासून सात पावलं लांब गेलंय.

"बाबा, एवढं सरलं?"

"उन्हाळा लागला की असंच असतंय. खालून कालवा ओढतो, वरून ऊन पितं."

मराठवाड्याला समुद्र नाही. पण पैठणला गोदावरी अडवून 1976 साली जायकवाडीचं धरण उभं राहिलं आणि आपल्याला काठ मिळाला. हा जलाशय म्हणजेच नाथसागर. तो जवळपास 55 किलोमीटर लांब आहे, पण उथळ. तुडुंब भरला तर 2,909 दशलक्ष घनमीटर पाणी सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरतं, म्हणजे सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच. परातीत पाणी ओतावं तसं. जिथं जमिनीचा उतार शंभराला एक आहे, तिथं पातळी एक फूट उतरली की काठ शंभर फूट मागं जातो.

मागं उरते ती गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरता येणारी गाळाची जमीन. याच पाण्याखाली ज्यांची शेतं गेली, त्यांचा या जमिनीवर पहिला हक्क. ती मिळते एका हंगामापुरती. बाबांचं मूळ शेतही इथंच कुठंतरी खाली आहे. ते बोट करून जागा दाखवतात, आणि दर वर्षी बोट तिथंच थांबतं.

(दृश्य: समुद्रकिनारा. फुटणाऱ्या लाटा.)

हलणारा काठ मोजायचा कसा, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या लोकांना आधी पडला. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात रॉब होल्मन यांनी त्यासाठी उंचावर कॅमेरे बसवले. त्या पद्धतीला आर्गस म्हणतात. कॅमेरा दहा मिनिटं एकाच जागी बघत राहतो आणि त्या सगळ्या चित्रांची सरासरी काढली जाते. चालणारी माणसं, होड्या विरून जातात. लाटा जिथं पुन्हा पुन्हा फुटतात, तिथं पांढरा पट्टा उमटतो. लाट उथळ जागी फुटते, म्हणून तो पट्टा पाण्याखाली वाळूचा बांध कुठं आहे ते सांगतो. आसपासच्या काही खुणांची जागा आधीच जीपीएसनं मोजलेली असते, त्यामुळे तिरकं चित्र नकाशावर बसवता येतं आणि काठ मीटरात मोजता येतो. किनारा कुठं खचतोय, भर घातलेली वाळू टिकली का, हे वर्षानुवर्षं एकाच नजरेनं दिसतं.

नाथसागरावर अशा लाटा फुटत नाहीत, त्यामुळे तो पांढरा पट्टा इथं मिळणार नाही. पण काठाची रेषा मिळेल, आणि मला तीच फार मोलाची वाटते. धरणावर पाण्याची पातळी रोज मोजली जाते. त्या दिवसाची पातळी आणि त्या दिवसाची काठरेषा एकत्र ठेवली, की तळाची एक समउंची रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, तयार झाली. समुद्रात हे काम भरती-ओहोटीच्या मधल्या सहा तासांत उरकतं. आपल्याकडे ओहोटी दिवाळीपासून मृगापर्यंत चालते! तेवढ्या महिन्यांत तळाचा उघडा पडणारा भाग रेषेरेषेनं टिपता येईल. पुढच्या वर्षी त्याच पातळीला काठ पाण्याच्या बाजूला सरकलेला दिसला, तर तिथं गाळ साचलाय. कोणाच्या गाळपेरीची हद्द कुठं होती, यावरून भावकीत वाद लागला तर तारखेसह चित्र समोर ठेवता येईल. हिवाळ्यात रोहित पक्षी ज्या चिखलात उतरतात, ती जागाही त्यात दिसेल.

यासाठी महागडा मनोराच हवा असंही नाही. सिडनीच्या किनाऱ्यांवर 2017 पासून कोस्टस्नॅप नावाचा उपक्रम सुरू आहे. एक पक्का रोवलेला स्टँड. येणारा-जाणारा त्यात मोबाइल ठेवतो, फोटो काढतो, पाठवतो. चौकट ठरलेली, म्हणून प्रत्येक फोटो मोजणीला चालतो. असा स्टँड आपल्या घाटावर, देवळाच्या ओट्यावर का नसावा?

(दृश्य: संध्याकाळ. बाबा खुंटी उपटतात.)

बाबा सात पावलं मोजत पुढं जातात. दगडानं दोन घाव घालतात. मी जिथं उभा होतो तिथूनच, मोबाइल तसाच आडवा धरून, आजचा फोटो घेतो.

"खुंटी आली का त्यात?" बाबा विचारतात.

आली.