फोन त्यांच्याच हातात राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पुल्लंपारा नावाची ग्रामपंचायत आहे. रोजगार हमीच्या कामावर जाणारे तेथील मजूर, मजुरी खात्यात जमा झाली की नाही एवढे पाहण्यासाठी बँकेच्या रांगेत उभे राहत आणि त्यात त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडत असे. ही अडचण ध्यानात आल्यावर पंचायतीने घरोघरी पाहणी केली आणि स्वयंसेवक तयार केले. हे स्वयंसेवक कामाच्या जागी, महिला गटांच्या बैठकांत आणि ज्यांना बाहेर पडणे शक्य नव्हते त्यांच्या घरी जाऊन स्मार्टफोन वापरायला शिकवू लागले. २०२२ मध्ये ही पंचायत संपूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली, आणि त्याच वाटेने जाऊन ऑगस्ट २०२५ मध्ये केरळने संपूर्ण राज्यासाठी तशी घोषणा केली. शिकणाऱ्यांत वयाची शंभरी ओलांडलेले गृहस्थही होते.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे उद्दिष्ट सहा कोटी घरांचे होते, पण त्यात घरटी एकाच व्यक्तीला प्रशिक्षण मिळे आणि वयाची अट १४ ते ६० अशी होती. एक जण शिकला की घर शिकते, हे गृहीतक मला पटत नाही. आपल्या घरांत नातू "आजी, दे इकडे, मी करतो" म्हणत फोन काढून घेतो, काम क्षणात होते आणि आजी होती तिथेच राहते. पुढे ती आपला पिन दुकानदारालाही सांगते, कारण आपल्याला हे जमणार नाही हे तिच्या मनात पक्के बसलेले असते.

फसवणारे नेमके याच भीतीवर जगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर जिची धमकी देतात त्या 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचे असते, हे ज्याला ठाऊक आहे तो धमकीचा फोन न डगमगता बंद करू शकतो.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की शेजारी बसा, वेळ लागू द्या, पण फोनला स्वतः हात लावू नका. सुरुवात ज्याच्या-त्याच्या गरजेपासून करा: मजुराला खात्यातील शिल्लक पाहू द्या, निवृत्त शिक्षकांना नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून स्वतः देऊ द्या, आणि पैसे पाठवण्याचा सराव घरातल्याच खात्यावर एक रुपया पाठवून करून घ्या.

रोजगार हमीची योजना महाराष्ट्राने देशाला दिली आणि बचत गटांचे जाळेही आपल्याकडे गावोगावी आहे. गटाच्या प्रत्येक बैठकीतला अर्धा तास या शिकण्यासाठी राखून ठेवण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत आपण मांडावा, आणि त्यात वयाची अट घालू नये.