हँडल जड लागलं की थांबा

मंडळी, विषय दिलाय तो विथड्रॉएबल ब्रेकर, म्हणजे चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला, पॅनलमधून ओढून काढता येणारा ब्रेकर, आत-बाहेर करण्याच्या क्रमाचा. तो सांगणारच आहे, पण आधी ट्रॉलीच्या पाठीमागच्या फिंगरबद्दल बोलू द्या. लातूर, धाराशिव, बीडकडच्या कारखान्यांतून तुम्ही आलात. गाळप तोंडावर आलंय आणि ट्रॉल्या बाहेर काढलेल्या असतात त्या याच दिवसांत.

११ केव्हीच्या व्हीसीबीत, म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमध्ये, करंट तोडते ती व्हॅक्यूम बॉटल. फीडर, म्हणजे त्या ब्रेकरवरची लाइन, खरोखर वेगळा होतो तो फिंगरपाशी. प्रत्येक आर्मच्या टोकाला चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या फिंगर गोलाकार बसवलेल्या असतात, त्यांच्याभोवती गोल स्प्रिंग असते. ट्रॉली आत गेली की पॅनलमधल्या स्पाउटच्या, म्हणजे इन्सुलेशनच्या नळकांड्याच्या, आतल्या पिनेला त्या चहूबाजूंनी आवळतात. तीन जोड बसबारकडे, तीन केबलकडे. आर्क विझवायची इथे काहीच सोय नाही, म्हणून ब्रेकर ऑन असताना ट्रॉली हलू नये असं इंटरलॉक, म्हणजे अडकवण, दिलेलं असतं.

आता माझी खरी तक्रार. ट्रॉली आत-बाहेर करायचं हँडल जड लागलं की आपल्याकडे जोर वाढवायला पाइप शोधतात. अहो, हँडल जड लागतं त्याला कारण असतं! स्क्रू कोरडा पडलेला असेल, स्पाउटची तोंडं झाकणारं शटर अडकलं असेल, केबल जमिनीला जोडणारा अर्थ स्विच लागलेला असेल, नाहीतर एखादी फिंगर वाकडी होऊन पिनेच्या तोंडावर आदळत असेल. पाइप लावून जोर केला की ती फिंगर स्प्रिंगमधून निसटते, नाहीतर इंटरलॉकची पिन तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, ब्रेकर चालूही होतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. हँडल स्टॉपला टेकायच्या आधीच सोडून देतात. ट्रॉली अर्धवट असेल तर ब्रेकर ऑन व्हायलाच नको, पण इंटरलॉक झिजलेलं किंवा कुणीतरी बांधून ठेवलेलं असलं की होतो. फिंगर पिनेवर पुरेशा चढलेल्या नसतात. हिशोब करा: ६३० अँपिअरला ५० मायक्रोओहमच्या जोडात साधारण २० वॅट उष्णता होते. तोच जोड ५०० वर गेला की २०० वॅट, तेही बंद स्पाउटात. तापून स्प्रिंग ढिली होते, ढिली झाली की जोड आणखी तापतो. हंगामाच्या मध्यावर स्पाउट जळतो तो असा.

तपासायला फार वेळ लागत नाही. बसबार आणि केबल दोन्ही बाजू मृत आणि अर्थ केलेल्या असताना पिनेवर ग्रीसचा पातळ थर द्या, ट्रॉली सर्व्हिसपर्यंत, म्हणजे पूर्ण जोडलेल्या जागेपर्यंत, आत न्या, बाहेर काढा आणि पिनेवर उमटलेला ओरखडा मोजा. मेकरच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून बघा. तिन्ही फेजवर लांबी सारखी हवी. डक्टरने, म्हणजे मायक्रोओहम मोजायच्या यंत्राने, १०० अँपिअरवर रीडिंग घ्या आणि फेजांची आपसात तुलना करा. फिंगर काळी-निळी पडली असेल तर स्प्रिंगसकट बदला. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, चांदी निघून जाते. ग्रीसही बेताचंच हवं, बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा त्यालाच चिकटतो आणि पावसाळी दमटपणात स्पाउटवर ट्रॅकिंग, म्हणजे पृष्ठभागावरून करंट झिरपणं, सुरू होतं. म्हणून ट्रॉली बाहेर असली तरी पॅनलचा हीटर चालू ठेवा.

वेळ संपत आली, क्रम भराभर सांगतो. बाहेर काढताना: ब्रेकर ऑफ करा, ऑफची खूण ब्रेकरवर स्वतः बघा, नुसत्या दिव्यावर विसंबू नका. तिन्ही फेजचा करंट शून्य आहे ना, तेही बघा. दार बंद ठेवूनच हँडलने टेस्टपर्यंत आणा. तिथे मुख्य जोड सुटलेला असतो पण कंट्रोलचा प्लग लागलेला असतो, ट्रिप-क्लोज तपासायचं ते इथेच. मग प्लग काढा, ट्रॉली बाहेर घ्या, दोन्ही शटर पडली का बघा, त्यांना कुलूप लावा. आत नेताना: अर्थ स्विच काढा, प्लग लावा, टेस्टमध्ये एकदा ऑन-ऑफ करा, ऑफ ठेवूनच दार लावून सर्व्हिसपर्यंत न्या. इंडिकेटर पूर्ण फिरला पाहिजे.

आणि को-जनवाल्यांनो, म्हणजे कारखान्यातच वीज बनवणाऱ्यांनो, ग्रिडला वीज देणाऱ्या एक्सपोर्ट फीडरची ट्रॉली बाहेर असली तरी बसबार बाजू तुमच्या टर्बाइनकडून आणि केबल बाजू ग्रिडकडून चालू असू शकते. दोन्ही शटरांमागे ११ केव्ही आहे असंच धरा. केबलवर काम असेल तर समोरचं टोकही उघडून परमिट घ्या, व्होल्टेज डिटेक्टरने तिन्ही फेज तपासा, मगच अर्थ लावा.