दुसऱ्या पाण्याची बीअर: गूळ, पोहे आणि चव घेण्याची रीत

नमस्कार मंडळी. समोर ग्लासात आहे ती हलकी बीअर, अल्कोहोल जेमतेम 3 टक्के. ही दुसऱ्या पाण्याची आहे. कडक बीअरसाठी माल्टमधला (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतला) पहिला गोड रस, म्हणजे वॉर्ट, काढून घेतला तरी चोथ्यात साखर उरतेच. त्यावर पुन्हा गरम पाणी सोडून ती वसूल करायची. इंग्लंडमध्ये ही जुनी पद्धत, आणि कोल्हापुरात तिला जोड द्यायला गूळ आणि पोहे हाताशी आहेतच.

एक गोष्ट आधीच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे आणि प्यायला वय 21 पूर्ण लागतं. पुढची मापं परवानाधारक मायक्रोब्रुअरीच्या कामाची आहेत. ती माहीत असली की चव कुठून बिघडली ते जिभेवर कळतं.

समजा 100 लिटर काढायची आहे. चोथ्यावर 2 किलो ताजं माल्ट आणि 1 किलो पोहे टाकायचे. तांदूळ घातला तर आधी शिजवावा लागतो, कारण त्यातला स्टार्च मॅशच्या, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजत ठेवण्याच्या, तापमानाला नीट फुगत नाही. पोह्यांचा स्टार्च ते तयार होतानाच फुगलेला असतो, म्हणून ते थेट पडतात. तापमान 67-68 अंश, वेळ 40 मिनिटं. मग पांढऱ्या बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर आयोडीन टाका. [बशी कॅमेऱ्याजवळ] असा निळा-काळा झाला तर स्टार्च बाकी आहे, थांबा. घाई केलीत तर बीअर गढूळच राहणार.

वॉर्टची घनता, पाण्याची 1.000 धरून, 1.022 च्या आसपास भरली की उकळी संपताना 3 किलो गूळ. आच बंद करूनच ढवळायचा, नाहीतर तळाला लागून जळतो. हायड्रॉस या रसायनानं उजळलेला पिवळाधमक गूळ नको, तांबूस घ्या. आता घनता 1.031. आंबल्यावर ती 1.007 वर आली तर फरक गुणिले 131.25, म्हणजे अल्कोहोल 3.15 टक्के. गूळ याहून वाढवू नका. त्यातली साखर जवळजवळ सगळी आंबते, बीअर पाणचट होते आणि मागे खारट चव उरते.

आता चव. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश असेल तर फेस लगेच बसतो, म्हणून आधी गार पाण्यानं खळखळून धुवा. बीअर 6 ते 8 अंशांवर हवी. फ्रिजमधून काढून थोडी थांबा, बर्फासारखी गार असली की जीभ बधिर होते. अर्धाच ग्लास भरा, गोल फिरवा, आणि घोट घ्यायच्या आधी वास घ्या.

लोण्यासारखा वास म्हणजे डायअॅसिटाइल: यीस्टला काम पुरं करू न देता बीअर लवकर गार केली. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळी मंद होती किंवा झाकण ठेवून उकळलं. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बीअरला हवा लागली आहे. कडक, काळ्या बीअरमध्ये हे दोष भाजलेल्या माल्टखाली दबतात. इथे लपायला जागाच नाही, म्हणूनच हलकी बीअर चांगली काढणं आम्हाला जास्त अवघड वाटतं.

आता घोट. [घोट] लगेच गिळू नका, तोंडात फिरवा. हिरड्या आवळल्यासारख्या, कोरड्या वाटल्या तर ते टॅनिन. वापरलेल्या चहापत्तीला पुन्हा रटरटून उकळलं की जी तुरट चव येते, तीच ही. चोथ्यावरचं पाणी 77 अंशांच्या वर गेलं, किंवा रसाची घनता 1.010 खाली उतरली तरी काढतच राहिलं, की सालीतलं टॅनिन सुटतं. दुसऱ्या पाण्याच्या बीअरचा सगळ्यात मोठा धोका हाच, आणि नंतर तो काढता येत नाही. लोभ आवरून वेळेत नळ बंद करायचा.

आंबट लागली तर जंतूंचा शिरकाव. अल्कोहोल आणि हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) दोन्ही कमी, त्यामुळे ही बीअर टिकत नाही. ताजीच प्या.

आणि हो, चव घेऊन झाल्याशिवाय तांबड्या रश्श्याला हात लावू नका. तिखटावर बीअरचा गॅस आणि अल्कोहोल दोन्ही जळजळ वाढवतात. पांढरा रस्सा मात्र सोबत खुशाल घ्या.